रोमन अस्थिपेटी वाचायची तर समोरची बाजू सगळ्यात शेवटी

प्रश्न असा आहे: रोम, लंडन, लिव्हरपूल इथल्या संग्रहालयांत संगमरवराच्या लहान कोरीव पेट्या मांडलेल्या असतात. त्यांवर फुलमाळा, मेंढ्यांची डोकी, पक्षी आणि मधोमध लॅटिन मजकूर असतो. या नक्षीचा अर्थ कसा लावायचा? आणि त्यातलं खरोखर रोमन काळातलं किती, नंतर कोणी हात मारलेलं किती, हे कसं ओळखायचं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटल्याशिवाय पहिल्याला हात घालण्यात अर्थ नाही. पेटीसमोर उभं राहिलं की नजर आपसूक दर्शनी बाजूवर जाते, आणि नंतरच्या काळात सगळ्यात जास्त 'सुधारणा' झाली ती नेमकी तिथेच. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी पोकळी आणि वरची कड, मग मागची बाजू, मग दोन्ही कुशी, मग झाकण, आणि अगदी शेवटी दर्शनी भाग.

त्याआधी ही वस्तू होती कशासाठी ते थोडक्यात सांगतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोम शहरात दहन ही सर्वसाधारण रीत होती. बारा पाट्यांच्या जुन्या कायद्याने शहराच्या हद्दीत पुरायला आणि जाळायलाही बंदी होती, त्यामुळे चिता आणि थडगी दोन्ही वेशीबाहेर, मोठ्या रस्त्यांच्या कडेला असत. चिता विझल्यावर घरची माणसं अस्थी सावडत आणि त्या वाइन-दुधाने धुऊन पात्रात भरत. इथवर आपल्याकडच्या वाचकाला काही नवखं वाटणार नाही. पुढे मात्र वाट वेगळी होते: या अस्थी विसर्जित करायच्या नसत, कायमच्या जपायच्या असत, आणि वर्षातल्या ठरावीक दिवशी त्यांच्यापाशी जाऊन वाइन ओतायची असे. पात्र टिकाऊ हवं, झाकण पक्कं हवं, नाव कोरलेलं हवं, या तिन्ही गरजा त्यातूनच येतात. दात न आलेल्या बाळाचं दहन करत नसत, असं थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवलं आहे. त्यामुळे अगदी तान्ह्या मुलाची अस्थिपेटी समोर आली तर जरा थांबून बघावं.

बहुतेकांच्या वाट्याला संगमरवर येत नसे. एखाद्या बड्या घराण्याचे गुलाम आणि मुक्त झालेले गुलाम किंवा वर्गणीवर चालणाऱ्या अंत्यविधी मंडळाचे सभासद सामायिक दफनघरात जागा घेत. रोममधल्या व्हिन्या कोदिनी इथली तीन दफनघरं किंवा 1831 मध्ये सापडलेलं पोम्पोनिउस हिलासचं दफनघर पाहिलं तर भिंतभर ओळीने कोनाडे दिसतात. कोनाड्याच्या तळात भाजक्या मातीची मडकी गळ्यापर्यंत चिणलेली असतात, एका कोनाड्यात बहुधा दोन. वर फक्त झाकण दिसतं आणि खाली नावाची पातळ पाटी. ज्याला याहून थोडं वर जायचं होतं पण स्वतःचं थडगं बांधायची ऐपत नव्हती, त्याच्यासाठी संगमरवरी पेटी होती. कोरीव लेखांत मुक्त गुलामांची नावं इतकी येतात ती त्यामुळेच. अर्थात श्रीमंतांच्या कौटुंबिक थडग्यांतही या पेट्या आहेत. 1880 मध्ये टायबरचे बांध घालताना नदीकाठी सापडलेलं प्लातोरिनी घराण्याचं थडगं हे त्याचं चांगलं उदाहरण. त्यातल्या पेट्या आज रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, आणि त्या मूळ जागीच मिळाल्यामुळे बाकीच्यांची पारख करायला उपयोगी पडतात.

आता मापं. सर्वसाधारण चौकोनी पेटी साधारण 40 सेंटिमीटर रुंद, 30 खोल आणि 30 उंच धरा. भिंती पाचेक सेंटिमीटर आणि तळ दहा सेंटिमीटर जाड ठेवला तर आत 12 लिटर जागा उरते. संगमरवराचं वजन लिटरला 2.7 किलो धरलं तर नुसती पेटी सुमारे 65 किलोची होते आणि झाकणासकट 90 च्या आसपास जाते. म्हणजे दोन माणसांनी उचलायची, कोनाड्यात किंवा बाकावर सरकवायची आणि भिंतीला टेकवायची वस्तू. भिंतीला टेकणारी बाजू कोण कशाला कोरेल? म्हणून खऱ्या पेटीची पाठ बहुतेक वेळा साधी असते, बऱ्याचदा तर टाकीचे घाव तसेच ठेवून सोडलेली. कुशींवर नक्षी असते, पण दर्शनी बाजूपेक्षा उथळ. चारही बाजू सारख्याच खोल आणि सारख्याच नेटक्या कोरलेल्या असतील तर ती पेटी थडग्यात मधोमध मोकळी उभी होती असं मानायला दुसरा काही पुरावा मागा. दिवाणखान्यात मधोमध ठेवायला अठराव्या शतकातल्या गिऱ्हाइकालाही चारही बाजू हव्याच होत्या.

पोकळीत डोकावता आलं तर सोडू नका. रोमन पाथरवट आतली बाजू टोकदार टाकीने काढतो आणि तशीच सोडतो. घावांच्या तिरक्या रेघा दिसतात, कोपरे पुरते काटकोनात नसतात, तळ थोडा वाकडा असतो. तळाशी आणि भिंतींवर चुन्याचा कडक थर, झाडाच्या बारीक मुळांच्या खुणा, कधी अस्थींचे कण चिकटलेले असतात. उलट पोकळी जेमतेम ओंजळभर असेल, किंवा कानस फिरवून गुळगुळीत केली असेल, तर शंका घ्या. मोठ्या माणसाच्या सावडलेल्या अस्थी त्यात मावल्या असत्या का, हा साधा प्रश्न विचारा. रोमन लोक अस्थींची पूड करत नसत, त्यामुळे तुकडे मोठे असत आणि जागा जास्त लागे. मात्र सगळ्या अस्थी सावडल्या जात असंही नाही. पुष्कळ दफनांत त्या अपुऱ्याच मिळतात. त्यामुळे पोकळी लहान, एवढ्यावरून निकाल देऊ नये. तळाला आरपार भोक दिसलं तर ते बहुधा नंतरचं असतं. या पेट्या मधल्या काळात कारंज्याला, पाण्याच्या कुंडाला, चर्चमधल्या पवित्र जलाच्या पात्राला सर्रास वापरल्या गेल्या.

या पुनर्वापराचा सगळ्यात नामी नमुना रोमच्या कापितोलिनो संग्रहालयात आहे. सम्राट ऑगस्टसची नात थोरली आग्रिपिना इसवी सन 33 मध्ये पांदातारिया बेटावर हद्दपारीत वारली. 37 मध्ये तिचा मुलगा कालिगुला सम्राट झाला, त्याने तिच्या अस्थी रोमला आणून ऑगस्टसच्या समाधीत ठेवल्या. त्यासाठी केलेला संगमरवराचा मोठा ठोकळा मध्ययुगात समाधीबाहेर आला, आणि पोकळी आयतीच होती म्हणून 300 पौंड धान्य मोजायचं अधिकृत माप झाला. मापाचं नाव आणि नगराची चिन्हं त्यावर कोरली गेली. मूळ लेख मात्र शाबूत राहिला: 'आग्रिपिनाच्या अस्थी, मार्कुस आग्रिपाची कन्या, दिवंगत देवरूप ऑगस्टसची नात, जर्मानिकुस कैसरची पत्नी, सत्ताधीश गाइउस कैसर ऑगस्टस जर्मानिकुसची माता.' फुलमाळ नाही, पक्षी नाही. साम्राज्यातल्या सर्वोच्च घराण्याला नक्षीची गरजच नव्हती, ती चार नाती पुरेशी होती. आणि तिला हद्दपार करणाऱ्या सम्राट तिबेरिउसचं नाव कुठेच नाही, हेही बघा.

झाकणाकडे वळू. आकार मुख्यतः दोन: घराच्या छपरासारखं दोन उतारांचं, पुढे त्रिकोणी किंवा कमानदार माथा असलेलं, किंवा दोन्ही कडांना लोडासारख्या गुंडाळ्या असलेलं, जे वेदीच्या माथ्यावरून घेतलं आहे. झाकण लोखंडी पट्ट्यांनी पेटीला जखडत आणि पट्टीची टोकं खाचेत घालून वितळलेलं शिसं ओतत. पेटीच्या दोन्ही कुशींना वरच्या कडेलगत एकेक खाच असते आणि तिच्या बरोबर वर झाकणात दुसरी. पट्टी केव्हाच गेलेली असते, खाच राहते, तीत कधी शिशाचा करडा गोळा किंवा गंजाचा तांबूस डाग असतो. काही ठिकाणी सगळा कोपराच उडालेला असतो, कारण लोखंड गंजलं की फुगतं आणि संगमरवराला तो ताण सोसत नाही. खाचांचं तपासणं सोपं आहे आणि काचेबाहेरूनही जमतं: वरची आणि खालची खाच एका रेषेत आहे का? नसेल तर झाकण दुसऱ्या पेटीचं. संग्रहांत अशी लावून दिलेली जोडपी भरपूर आहेत. माझ्या मते माहितीपाटीवर झाकणाबद्दल अवाक्षर नसेल तर ते परकं असण्याची शक्यता मनात धरूनच पुढे जावं.

दगडाच्या जातीवरून निकाल लावायचा मोह होतो, तो आवरावा. रोम शहरातल्या पेट्या मुख्यतः लुना, म्हणजे आजच्या कारारा भागातल्या खाणींच्या बारीक कणांच्या पांढऱ्या संगमरवराच्या. कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून खाण बऱ्यापैकी सांगता येते. पण अठराव्या शतकातला कारागीरही काराराचाच दगड वापरत होता, शिवाय जुने रोमन ठोकळे त्याला रोममध्ये पावलोपावली मिळत होते. दगड काराराचा निघाला म्हणजे पेटी प्राचीन, हा निष्कर्ष निघत नाही. उलट बाजूने मात्र उपयोग होतो: एकाच पेटीच्या झाकणाचा आणि धडाचा दगड वेगळ्या खाणींचा निघाला तर खाचांच्या साक्षीला दुजोरा मिळतो.

अठराव्या शतकाचा एवढा बाऊ का, तर त्या काळात इंग्रज उमरावांची रोमवारी म्हणजे खरेदीचा हंगाम असे. बार्तोलोमेओ काव्हाचेप्पी आणि जोव्हानी बात्तिस्ता पिरानेसी यांच्या कार्यशाळांतून तुटकी शिल्पं जोडून, भर घालून, कधी दोनचार तुकड्यांची मोट बांधून विकली जात. गिऱ्हाइकाला नाक तुटलेलं, कोपरा उडालेलं काही नको असे. त्या काळच्या दृष्टीने ही दुरुस्ती होती, सरसकट लबाडी नव्हे. चार्ल्स टाउनलीचा संग्रह 1805 मध्ये ब्रिटिश म्युझियमने घेतला आणि हेन्री ब्लंडेलचा संग्रह 1959 मध्ये लिव्हरपूलच्या संग्रहालयाकडे आला. दोन्हींत अशा पेट्या आहेत. लबाडीही होतीच. शिल्पकार जोसेफ नोलेकेन्स रोममध्ये असताना जुन्या शिल्पांच्या तुकड्यांना तंबाखूच्या पाण्याने जुनेपणाचा रंग देत असे, ही गोष्ट त्याच्या चरित्रकाराने नोंदवली आहे. संगमरवरावरचा तपकिरी रंग खोबणीत कमी आणि उंचवट्यांवर जास्त दिसला तर अशीच काही करामत आठवावी. मातीत पडून आलेला थर उलट खोबणीत जास्त साठतो.

सगळ्यात फसवा प्रकार असतो अर्धा खरा. पेटी प्राचीन, पोकळी प्राचीन, झाकणाच्या खाचा जुळणाऱ्या. पण मूळची साधी दर्शनी बाजू दीड हजार वर्षांनी कोरून 'सजवलेली'. ओळखायचं कसं? साध्या बाजूवर नंतर नक्षी काढायची तर आत खोदावं लागतं, कारण बाहेर वाढवायला दगड शिल्लकच नसतो. खऱ्या पेटीत फुलमाळेचा फुगवटा आणि मेंढ्याचं नाक पेटीच्या कडेच्या पट्टीइतकं किंवा तिच्याही पुढे येतं. नंतर खोदलेल्यात सगळी नक्षी जुन्या पातळीच्या आत दबलेली राहते आणि कडेला सपाट चौकट उरते. दुसरा मुद्दा झीज. कुशी झिजलेल्या, दर्शनी बाजू मात्र कालच कोरल्यासारखी धारदार, असं नैसर्गिकपणे फार क्वचित होतं. सामत्याने पाडलेली भोकं पाहून मात्र खूश होऊ नका; भोकांच्या ओळी पाडून मधला दगड उडवायचं तंत्र दोन्ही काळांत तेच होतं.

लेखाची पारख हा स्वतंत्र विषय आहे, पण चार कामाच्या गोष्टी सांगतो. सुरुवातीला 'दिस मानिबुस', म्हणजे पितरात्म्यांना अर्पण, असं असतं. पहिल्या शतकात ते बरेचदा पूर्ण लिहिलेलं मिळतं, पुढे फक्त 'डी' आणि 'एम' ही अक्षरं रूढ होतात. मग मृताचं नाव, वय, आणि पेटी करवून घेणाऱ्याचं नाव व नातं. प्रौढांची वयं बरेचदा पाचाच्या पटीत बसवलेली असतात, मुलांची मात्र महिने-दिवसांसकट. नाव सम्राटाने मुक्त केलेल्या गुलामाचं असेल तर काळ ठरवायला सोन्यासारखा आधार मिळतो, कारण तो मुक्त करणाऱ्याचीच पहिली दोन नावं घेतो. तिबेरिउस क्लाउदिउस म्हणजे बहुधा क्लाउदिउस किंवा नीरोच्या काळातली मुक्तता, 41 ते 68. तितुस फ्लाव्हिउस म्हणजे 69 ते 96. मार्कुस उल्पिउस म्हणजे त्राजान, 98 ते 117. पुब्लिउस एलिउस म्हणजे हाद्रियान, 117 ते 138. हे वर्ष मुक्ततेचं; मृत्यू त्यानंतर तीसचाळीस वर्षांनीही असू शकतो. नवशिके नेमके इथेच घसरतात आणि पेटीला मुक्ततेचाच काळ चिकटवून मोकळे होतात.

नक्षी उत्कृष्ट आणि अक्षरं गचाळ, ओळ तिरकी, शेवटचं नाव चौकटीत मावलेलं नाही, असं दिसलं की लोक लेख बनावट ठरवतात. बहुतेक वेळा तो खरा असतो. पेट्या आधीच तयार करून ठेवत, चौकट कोरी सोडत; मृत्यू झाल्यावर नाव घातलं जाई, आणि ते घालणारा हात वेगळा असे. दोन चौकटी असून एकच भरलेली, हेही नेहमीचं: जोडप्यासाठी घेतलेली पेटी, दुसऱ्याची वेळ आली तेव्हा कुटुंब कुठे होतं कोण जाणे. चौकट पूर्ण कोरी असेल तर नाव रंगाने लिहिलं असण्याचीही शक्यता असते. बनावट लेखात उलट सगळं फार नेटकं असतं, शब्द आवश्यकतेपेक्षा पूर्ण असतात, आणि मजकूर एखाद्या आधीच माहीत असलेल्या खऱ्या लेखावरून उचललेला असतो. रोम शहराच्या लॅटिन लेखांच्या मोठ्या संकलनात, ज्यात जवळपास 40,000 लेख आहेत, बनावट ठरलेल्यांचे क्रमांक तारकेची (*) खूण लावून वेगळे दिले आहेत. मजकूर तिथे ताडून बघता येतो. अक्षरांत भरलेला लाल रंग पुरावा धरू नये. प्राचीन काळी अक्षरं लाल भरत हे खरं, पण वाचायला सोपं जावं म्हणून नंतर भरलेला रंगही तितकाच सापडतो.

एवढं झाल्यावर नक्षी. पहिल्या शतकाच्या मध्याची एक नेहमीची दर्शनी बाजू घेऊ. वरच्या दोन कोपऱ्यांत मेंढ्याची डोकी, किंवा मेंढ्याची शिंगं असलेला दाढीवाला अम्मोन देव. शिंगांना फिती बांधलेल्या, फितींवरून जाड फुलमाळ खाली झोळ घेते. माळेत लॉरेलची पानं, डाळिंबं, द्राक्षं, गव्हाच्या लोंब्या, अफूची बोंडं, देवदारासारखी सुळकी फळं. माळेच्या झोळात वर लेखाची चौकट, आणि चौकट व माळ यांच्यामधल्या अर्धचंद्राकृती जागेत केसांच्या जागी साप असलेल्या मेदुसाचं मुंडकं किंवा किड्यासाठी भांडणारे दोन पक्षी. खालच्या कोपऱ्यांत पंख उघडलेले गरुड किंवा स्फिंक्स, आणि माळेखाली फळं टिपणारे चिमुकले पक्षी. कुशींवर बहुधा एकीकडे वाइनची सुरई आणि दुसरीकडे उथळ ताटली, किंवा लॉरेलचं झाड.

या सगळ्यात कोडं असं फारसं नाही. फुलमाळा थडग्यांवर खरोखर वाहत असत. 13 ते 21 फेब्रुवारी हे पितरांचे दिवस आणि पुढे गुलाबांचे दिवस त्यासाठीच होते. दगडी माळ ही न सुकणारी माळ. सुरई आणि ताटली तर्पणाची. बैलाची कवटी आणि माळ ही जोडी बळी दिलेल्या जनावरांची डोकी वेदीभोवती टांगण्याच्या रीतीतून येते. इसवी सनापूर्वी 9 मध्ये अर्पण झालेल्या ऑगस्टसच्या शांतिवेदीच्या आतल्या बाजूला ती भव्य प्रमाणात कोरली आहे, आणि तिथून ती छोट्या पेट्यांवर उतरली. मेदुसा पहारेकरी, स्फिंक्सही तेच काम करतो. अर्धवट उघडं दार मात्र घुटमळायला लावतं: ते थडग्याचं, पाताळाचं की घराचं, हे पेटीगणिक ठरवावं लागतं, आणि कित्येकदा ठरत नाही.

गरुड दिसला की आत्म्याचं स्वर्गारोहण, पक्षी दिसला की आत्मा, डाळिंब दिसलं की पुनर्जन्म, असा अर्थकोश हाती घेऊन फिरू नये. फ्रान्झ क्युमाँ या अभ्यासकाने 1942 मध्ये अशा प्रतीकवाचनाची मोठी मांडणी केली आणि आर्थर डार्बी नॉकने 1946 मध्ये तिच्यावर कडक आक्षेप घेतले. मी नॉकच्या बाजूचा आहे. कारण व्यावहारिक आहे. तीच डोकी, तेच गरुड, तेच पक्षी शेकडो पेट्यांवर अदलाबदल होऊन येतात. डाव्या कोपऱ्यातला गरुड काढून स्फिंक्स ठेवला तरी पेटी विकली जात होती. गिऱ्हाईक धर्ममत निवडत नव्हतं, शोभेल आणि परवडेल ते निवडत होतं. अपवाद कथाचित्रांचा. पर्सेफोनीला पाताळात पळवून नेणारा तिथला देव प्लुतो, हातात हात दिलेलं जोडपं, पलंगावर रेलून जेवणारी व्यक्ती, अशी दृश्यं नेहमीच्या साच्याबाहेर जाऊन मागितलेली असू शकतात, आणि तिथे लेखातलं नाव, वय आणि नातं यांच्याशी दृश्याची सांगड घालून बघणं योग्य ठरतं.

चौकोनी नसलेले प्रकार कमी आहेत: दोन कानांच्या रांजणासारखी पात्रं, अंगावर उभ्या किंवा नागमोडी खोबणी, विणलेल्या टोपलीची हुबेहूब दगडी नक्कल, छपराची कौलं आणि दार कोरलेलं छोटं घर. व्होल्तेर्राच्या अलाबास्टरच्या पेट्या, ज्यांच्या झाकणावर माणूस कोपरावर रेलून पहुडलेला असतो, त्या एत्रुस्कन, म्हणजे रोमच्या उत्तरेकडच्या एका वेगळ्या जुन्या समाजाच्या, बहुतांश इसवी सनापूर्वी तिसऱ्या ते पहिल्या शतकातल्या. त्यांना रोमन पेट्यांच्या रांगेत बसवू नका. त्यांची कार्यशाळा, दगड आणि परंपरा तिन्ही वेगळी.

दुसऱ्या शतकात, हाद्रियानच्या काळापासून, रोममध्ये देह पुरण्याची रीत झपाट्याने वाढली आणि पाथरवटांचं काम शवपेट्यांकडे वळलं. सुरुवातीच्या शवपेट्यांवर तीच फुलमाळ आहे, फक्त दोन मीटर लांब झालेली आणि मेंढ्याच्या डोक्याऐवजी बरेचदा पंखवाल्या बाळांनी खांद्यावर पेललेली. अस्थिपेट्या एकदम थांबल्या नाहीत. 211 मध्ये सम्राट सेप्टिमिउस सेव्हेरुस ब्रिटनमधल्या एबोराकुममध्ये, आजच्या यॉर्कमध्ये, वारला. त्याच्या अस्थी पात्रातूनच रोमला गेल्या. इतिहासकार दिओ म्हणतो पात्र जांभळ्या दगडाचं होतं, दुसरा इतिहासकार हेरोदियान म्हणतो अलाबास्टरचं.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा मोबाइलचा दिवा परवानगी असेल तिथे बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा, समोरून नको. तिरप्या उजेडात टाकीचे घाव, पुसून पुन्हा कोरलेल्या चौकटीचा खोलगटपणा आणि जोडलेल्या तुकड्याची रेघ लगेच उठून दिसते. फोटो दर्शनी बाजूचा एक पुरे. दोन्ही कुशींच्या वरच्या कडेचे, खाचा दिसतील असे, दोन दोन घ्या. पाठ भिंतीकडे असेल तर संग्रहालयाच्या ऑनलाइन नोंदीत पाठीचं वर्णन आहे का ते बघा, आणि नसेल तर तिथल्या अभिरक्षकाला लिहून विचारा: पाठ टाकीची आहे की घासलेली?